निंदण उकिडवं बसून का वाकून?

वहिनी विचारून राहिली, सोयाबीनचं निंदण बसून करू का वाकून, कंबर दोन्हीकडून दुखतेच म्हणे.

कंबरेचं पाहू आधी. वाकायचं असतं खुब्यातून, म्हणजे कंबरेचं अख्खं हाड मांडीच्या हाडाच्या गोल टोकावर पुढं कलतं, पण मांडीच्या मागचे स्नायू आपण ज्या हाडावर बसतो त्यालेच चिकटलेले, ते आखडले का हाड तिथंच अडतं अन् उरलेलं वाकणं पाठीच्या मणक्यांवर येतं. दिवसभर ओणवं राहिलं तर कंबर धरणारच. उकिडवं बसलं तर हेच हाड मागं कलतं, धड पायांच्या जवळ येतं, वजन पुढं लटकत नाही. इथं बसणं बरं.

गुडघ्याचं उलटं. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर ताण बराच, शिवाय बाहेरच्या बाजूची नस दबून पाय बधीर होतो, कधी पाऊलच उचलत नाही. मुंग्या आल्या का लगेच उठा, ओळ संपायची वाट पाहू नका.

मालिशवाला म्हणते कंबरेचा सांधा सरकला, बसवून देतो. पाठीचा कणा कंबरेच्या हाडाले जुळतो तो मागचा सांधा मुळातच फक्त २ ते ४ अंश हलतो, ते बसवून घेणं सोडा.

वेग वाकून जास्त, अन् सोयाबीन दाटलं का बसाले जागाच नाही.

कंबरेचं दुखणं जुनं अन् गुडघे धड असतील तर उकिडवं, टाचा टेकवून, मधूनमधून उठत. गुडघे गेले असतील तर वाकूनच, पण गुडघे थोडे ढिले ठेवून, जमलं तर लांब दांड्याचं अवजार घेऊन. वहिनीचे गुडघे अजून चांगले आहेत, तिनं बसावं.