धार लावण्याचा गाईडेड संच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर आमच्या आठ इंची सुरीचे पाते मुठीजवळ खोलगट झाले आणि टोमॅटोची साल तरीही कापली जाण्याऐवजी दबतच राहिली, तेव्हा मी कोन ठरवून धार लावणारा गाईडेड संच घेण्याचे ठरवले. यात पाते पकडीत घट्ट बसवतात आणि दांड्याला लावलेला दगड ठरलेल्या कोनात धारेवर फिरतो. घरात दुसरी सुरी व्हीजी-10 या जपानी पोलादाची सांतोकू, म्हणजे रुंद पात्याची जपानी सुरी, आहे. तिला दर बाजूस 15 अंशांचा कोन हवा होता. लॅन्स्की या कंपनीच्या नेहमीच्या संचात 17, 20, 25 आणि 30 अंशांच्या ठरलेल्या जागा असतात, म्हणून मी दांड्याची उंची हवी तशी सरकवता येणारा संच निवडला.

निवड करताना मी सोबत किती दगड मिळतात हे मोजत बसले, ही माझी चूक झाली. पाते किती घट्ट आणि सरळ धरले जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. माझ्या संचाची पकड पातळ पात्यावर किंचित हलत असे. पात्याच्या पाठीवर कागदी चिकटपट्टी लावल्यावर ते थांबले आणि ओरखडेही टळले.

पट्टीवर छापलेल्या अंशांवर विसंबू नये, हे मला दुसऱ्या महिन्यात उमगले. दांड्याचा टेकू पात्याच्या पातळीपासून 60 मिलिमीटर वर आणि धार त्याच्यापासून आडव्या रेषेत 165 मिलिमीटर दूर असेल, तर कोन 20 अंश होतो. रुंद पात्यामुळे हेच अंतर 195 झाले, तर तो 17 वर येतो. दगडांच्या जाडीत 3 मिलिमीटरचा फरक असला, तरी सुमारे 1 अंश इकडेतिकडे होतो. त्यामुळे प्रत्येक सुरी कुठे पकडली आणि दांडा किती उंचीवर ठेवला, हे मी वहीत लिहून ठेवते आणि दगड बदलला की कोन पुन्हा मोजते. सरळ धारेवर कोन सर्वत्र सारखा राहतो, पण धार टोकाकडे वळते तिथे तो बदलतो. यावर उपाय म्हणजे धारेच्या कडेला मार्करची शाई लावून दगड हलकेच फिरवावा आणि शाई सगळीकडे सारखी निघेपर्यंत पकड टोकाच्या दिशेने थोडी थोडी सरकवावी.

प्रत्यक्ष घासताना मी 320, 600 आणि 1000 ग्रिट (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) या क्रमाने जाते. विरुद्ध बाजूस पूर्ण लांबीभर धातूची बारीक कड बोटाला जाणवल्याशिवाय बाजू बदलायची नाही, हा नियम मोडला की धार अर्धवटच राहते. हिऱ्याच्या कणांच्या पट्ट्यांवर जोर देऊ नये, कारण दाबाने कण उखडतात. शेवटी चामड्याच्या पट्टीवर, धार मागे राहील अशा दिशेने, दहा-बारा वेळा ओढले की उरलेली कड निघून जाते. पहिल्या वेळी एका सुरीला दीड तास लागला. आता वहीतील नोंदींमुळे वीस मिनिटे पुरतात आणि दोन महिने दगडांकडे परतावे लागत नाही. पिकलेला टोमॅटो दाब न देता कापला जातो, कोथिंबीर चिरताना काळवंडत नाही.

विळीचे पाते मात्र पाटाला जोडलेले आणि वाकलेले असल्याने या पकडीत बसत नाही. तिच्यासाठी मी अजूनही हातातला निसणाच वापरते.