यांकीज की मेट्स? एप्रिलच्या गोंगाटात संघ निवडताना

न्यू जर्सीत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच वसंतात ऑफिसात कुणीतरी विचारतंच, न्यू यॉर्कच्या दोन बेसबॉल संघांपैकी तुमचा कुठला, यांकीज की मेट्स? ‘दोन्ही’ हे उत्तर खपत नाही. पंचाईत अशी की हा प्रश्न एप्रिलमध्ये येतो, आणि दोन्हीकडचे चाहते सर्वांत ठामपणे, सर्वांत कमी पुराव्यावर बोलतात ते याच महिन्यात. हंगामातल्या १६२ सामन्यांपैकी जेमतेम तीस झालेले असतात, आणि तेवढ्यात कुणी देव झालेला असतो, कुणाला विकून टाका म्हणून निकालही लागलेला असतो. शितावरून भाताची परीक्षा बेसबॉलमध्ये करायची तर शीत निदान जून-जुलैतलं घ्यावं.

२०२५ चा हंगाम यासाठी बघण्यासारखा आहे, कारण दोन्ही संघांबद्दलची सुरुवातीची मतं जवळजवळ उलटी निघाली.

मार्चमध्ये यांकीजच्या चाहत्यांनी वर्षावर पाणी सोडलं होतं. हुआन सोतो १५ वर्षांच्या ७६ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर मेट्सकडे गेलेला. त्यात मुख्य पिचर (गोलंदाज) गेरिट कोलच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, म्हणजे त्याचं अख्खं वर्ष गेलं. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित लुईस हीलही जखमी. मग २९ मार्चला मिलवॉकीविरुद्ध गोल्डश्मिट, बेलिंजर आणि जज यांनी यांकीजला टाकलेल्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन होमर (चेंडू थेट मैदानाबाहेर, क्रिकेटच्या षटकारासारखे) मारले, दिवसभरात एकूण ९ मारले, आणि त्याच लोकांनी संघाला डोक्यावर घेतलं. काहींच्या हातात मधोमध फुगीर ‘टॉर्पेडो’ बॅट होती. आठवडाभर चर्चा फक्त त्या बॅटची. त्या दिवशी तीन होमर मारणाऱ्या ॲरन जजची बॅट मात्र नेहमीचीच होती, याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता.

एप्रिलमधला बकरा डेव्हिन विल्यम्स. शेवटचा डाव टाकायला मुद्दाम आणलेला माणूस. तो दाढी ठेवतो, आणि यांकीजमध्ये १९७६ पासून दाढीला बंदी होती. ती बंदी संघानं त्याच फेब्रुवारीत उठवली. एवढं करून एप्रिल संपायच्या आत त्याच्याकडून ते काम काढून घेतलं, आणि मैदानात संघातल्याच दुसऱ्या पिचरसाठी ‘आम्हाला वीव्हर हवा’ अशा आरोळ्या ऐकू आल्या. पुढच्या हिवाळ्यात नकोसा विल्यम्स आणि हवाहवासा ल्यूक वीव्हर दोघंही मेट्सनं उचलले. ज्याच्या नावानं बोटं मोडायची आणि ज्याची आरती ओवाळायची, ते दोघं आता एकाच डगआउटमध्ये.

बुडणार म्हणून ठरलेला हा संघ ९४ सामने जिंकला. टोरोंटोही ९४ वरच होता, पण आपसातल्या सामन्यांत सरस ठरल्यानं गटाचं विजेतेपद त्यांच्याकडे गेलं. यांकीजनं प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्या फेरीत बोस्टनला घरी पाठवलं आणि पुढं टोरोंटोकडूनच हरले. ‘पिचिंग संपलं’ म्हणणाऱ्यांना मॅक्स फ्रीडनं १९ विजयांनी उत्तर दिलं.

मेट्सची गोष्ट याच्या उलट आणि जास्त क्रूर. १२ जूनला त्यांच्याकडे ४५ विजय, २४ पराभव. त्या दिवशी अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, त्यांच्याइतकी चांगली कामगिरी कुणाचीच नव्हती. त्यांचा पिचर कोदाई सेंगाचा ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे त्यानं दिलेल्या धावा (कमी तितकं चांगलं), १.४७. त्याच दिवशी पहिल्या बेसवर धावत जाऊन उंच आलेला चेंडू पकडताना सेंगाच्या मांडीचा स्नायू दुखावला. परत आला तेव्हा तो तो राहिला नव्हता, आणि सप्टेंबरमध्ये सिराक्यूसला, खालच्या लीगमध्ये गेला. संघ उरलेल्या ९३ सामन्यांपैकी ५५ हरला. शेवटी ८३ विजय, सिनसिनाटीइतकेच, पण टायब्रेकर सिनसिनाटीच्या बाजूनं. प्लेऑफ हुकले. आणि ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून मे महिन्यात ज्याच्यावर खापर फुटत होतं, त्या सोतोनं वर्षाअखेर ४३ होमर मारले, ३८ बेस चोरले (हिट नसताना पळून पुढचा बेस गाठला).

मग एप्रिलमध्ये बघायचं काय? पिचर बघत असाल तर ईआरएला फार भाव देऊ नका. सामना सुरू करणारा पिचर पाच-सहा दिवसांनी एकदा टाकतो, म्हणजे महिन्याभरात साधारण ३० डाव. त्यात एका वाईट संध्याकाळी सहा धावा गेल्या तर तेवढ्यानंच ईआरए १.८ नं फुगतो. सप्टेंबरमध्ये, १७० डाव झाल्यावर, त्याच सहा धावांनी तो जेमतेम ०.३ नं हलतो. त्याऐवजी चेंडूचा वेग गेल्या वर्षीइतका आहे का आणि स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइकवर बाद) मानानं वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट बेस) किती दिलेत, एवढं पाहा. मांडीपासून खांद्यापर्यंत कुठं काही बिनसलं असेल तर बऱ्याचदा आधी वेगात दिसतं. पिचरचे जय-पराजय तर सोडूनच द्या: पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सनं २०२५ मध्ये १.९७ च्या ईआरएवर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, आणि त्याच्या खात्यात १० विजय, १० पराभव. बॅटरचंही तेच. २०२४ च्या मेच्या सुरुवातीला जजची सरासरी .२०० च्या आसपास, म्हणजे दहा संधींत जेमतेम दोन हिट, अशी होती. त्याच वर्षी तो .३२२ आणि ५८ होमरवर थांबला.

नव्या पोरांच्या बाबतीत मेट्सचे चाहते जास्त भाबडे आहेत असं माझं मत आहे, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेजर लीगमध्ये वर आलेल्या पिचर नोलन मॅक्लीननं आठ सामन्यांत २.०६ चा ईआरए ठेवला. बुडत्या जहाजात तोच एक धड होता. दोन आठवड्यांनी जोना टाँग आला. मे महिन्यात बिंगहॅम्टन या मेट्सच्या डबल-ए संघाकडून (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली) त्यानं सलग २० बॅटर बाद केले होते, १३ स्ट्राइकआउट, एकही बेसवर नाही. साहजिकच चाहत्यांना वाटलं, हा मॅक्लीनचाही बाप. १२ सप्टेंबरला टेक्सासविरुद्ध त्याला पहिला डावसुद्धा पुरा करता आला नाही. दोन बाद करेपर्यंत सहा धावा गेल्या. म्हणून टाँग वाया गेला असं मुळीच नाही. डबल-ए आणि मेजर लीग यांच्यातलं अंतर आकड्यांवरून वाटतं त्याहून मोठं आहे, एवढंच.

यांकीजकडं ज्याच्याबद्दल वसंतात फारशी चर्चा नव्हती तो कॅम श्लिटलर. जुलैत पदार्पण, आणि ऑक्टोबरमध्ये बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात आठ डाव, १२ स्ट्राइकआउट, शून्य वॉक, शून्य धावा. गंमत म्हणजे पोरगा मॅसॅच्युसेट्सचाच, म्हणजे बोस्टनच्याच राज्यातला.

हा श्लिटलर त्या एप्रिलमध्ये टाकत कुठं होता? ब्रिजवॉटरला, सॉमरसेट पेट्रियट्सकडून. बालाजी मंदिरामुळं जे गाव आपल्याकडच्या निम्म्या लोकांना माहीत आहे, तेच हे ब्रिजवॉटर. पेट्रियट्स २०२१ पासून यांकीजचा डबल-ए संघ आहे आणि मैदान रॅरिटन व्हॅली लाइनच्या स्टेशनाला लागून आहे. यांकीजचा अँथनी वोल्पी इथूनच वर गेला, आणि तो तर न्यू जर्सीचाच. इथं पुढच्या रांगेत बसलात तर ताशी पंचाण्णव मैलांचा चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये आपटल्याचा आवाज नुसता ऐकू येत नाही, छातीत जाणवतो. टीव्हीवर तो कधीच कळत नाही. वेग कसा बघायचा हे मुलांना शिकवायला याहून चांगली जागा नाही. मेट्सची पोरं बघायची तर जवळात जवळ कोनी आयलंडचे ब्रुकलिन सायक्लोन्स. समुद्राची हवा छान, पण एडिसनहून तिकडं जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि ते डबल-एच्याही एक पायरी खाली खेळतात.

मोठ्या मैदानांचा प्रवास जवळपास सारखाच. दोन्हीकडे आधी पेन स्टेशन. मग मेट्सच्या सिटी फील्डला लाँग आयलंड रेल्वे किंवा ७ नंबरची सबवे, यांकी स्टेडियमला हेराल्ड स्क्वेअरपर्यंत चालत जाऊन डी ट्रेन. समालोचनात मात्र मेट्स सरळ पुढं आहेत. गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग स्वतःच्या संघाच्या चुका झाकत नाहीत, आणि नवख्याला त्यातूनच खेळ कळतो. इतिहासाचं काय सांगायचं? यांकीजची २७ विजेतेपदं, शेवटचं २००९ चं. मेट्सची दोन, १९६९ आणि १९८६. शिवाय मेट्स बॉबी बोनिया या आपल्या जुन्या खेळाडूला, जो २००१ मध्ये निवृत्त झाला, २०३५ पर्यंत दर १ जुलैला जवळपास १२ लाख डॉलर देत राहणार आहेत. त्यांचे चाहते हे रागानं सांगायला सुरुवात करतात आणि हसत संपवतात.

माझं मत यांकीजच्या बाजूनं, आणि कारण यांकी स्टेडियमच्या ब्राँक्समध्ये नसून ब्रिजवॉटरमध्ये आहे. एडिसन, पिस्कॅटवे, हिल्सबरो या पट्ट्यात राहत असाल, घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल, तर आज सॉमरसेटमध्ये पाहिलेला मुलगा दोन वर्षांनी टीव्हीवर ओळखता येणं ही मजा मेट्स तुम्हाला देऊ शकत नाहीत. पोरंबाळं नसतील, रोज रात्री जेवताना सामना लावून बसायचं असेल आणि जूनमधल्या आनंदाचं सप्टेंबरमध्ये काय होतं ते सोसायची तयारी असेल, तर मेट्स घ्या. सोबतीला बोलणारी माणसं तिकडं चांगली आहेत. आणि चेरी हिल किंवा माउंट लॉरेलकडं घर असेल तर यांतलं काहीच मनावर घेऊ नका. तिथं शेजारीपाजारी सगळे फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाचे, आणि मेट्सची टोपी घालून किराणा आणायला जाणं बरं नव्हे.