अमॅटिक एससी: काही महिने वापरल्यानंतर

पोस्टरची शीर्षकं, लेबलं, निमंत्रणं, मुखपृष्ठं अशा कामांसाठी अमॅटिक एससी हा इंग्रजी अक्षरांचा अरुंद फॉन्ट मी काही महिने सतत वापरतो आहे. व्हर्नन ॲडम्स यांनी केलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. परवाना खुला असल्याने व्यावसायिक कामातही चालतो. ऑस्वाल्ड हा अरुंद फॉन्टही त्यांचाच, पण तो करारी. अमॅटिक हलक्या हाताने लिहिल्यासारखा.

अरुंद फॉन्ट म्हणजे जागेची बचत, असं धरून बरेच जण तो बारीक मजकुराला लावतात. तिथे तो नीट वाचता येत नाही. रेघ नाजूक, अक्षरांच्या पोटातली जागा चिंचोळी, शिवाय त्याच मापाच्या इतर फॉन्टपेक्षा अक्षर दिसतंही लहान. १६ पिक्सेलला डोळे ताणावे लागतात. माझ्या मते अरुंदपणाचा खरा उपयोग वेगळाच आहे: आहे त्या रुंदीत अक्षराची उंची वाढवता येते. लांबलचक नाव उभ्या पोस्टरवर एकाच ओळीत बसतं, तेही दुरून दिसेल एवढं मोठं. मोठं झालं की रेघेतला हाताचा हलकासा कंप दिसू लागतो आणि फॉन्ट खुलतो. अक्षरांमध्ये किंचित जास्त अंतर सोडलं तर आणखी छान.

यात स्मॉल लेटर्स नाहीत, त्यांच्या जागी बुटकी कॅपिटल अक्षरं येतात. चार-पाच शब्दांना हे शोभतं, परिच्छेदाला नाही. ईमेलचा पत्ता तर यात लिहूच नये.

रेग्युलर आणि बोल्ड अशी दोनच वजनं (म्हणजे रेघेच्या जाडीचे प्रकार) आहेत. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं छापायची असतील तर बोल्डच घ्या. शाई पसरली की रेग्युलरची बारीक रेघ बुजते. वेबसाइटवर बोल्डची फाइलही जोडा, नाहीतर ब्राउझर रेग्युलरलाच कृत्रिमरीत्या जाड करतो आणि नाजूक रेघेची रया जाते.

देवनागरी यात नाही, याची मला मनापासून खंत आहे. मग मोह होतो तो एखादा देवनागरी फॉन्ट आडवा दाबून अरुंद करण्याचा. कृपा करून तसं करू नका. दाबल्यावर उभ्या रेघा बारीक होतात, आडव्यांची जाडी मात्र तशीच राहते. त्यामुळे शिरोरेघ जड दिसते आणि ‘ष्ट’, ‘ज्ञ’ गुदमरतात. अरुंद अक्षर मुळातूनच तसं रेखाटावं लागतं.

मी शीर्षक इंग्रजीत असेल तर ते अमॅटिकमध्ये आणि खालचा मराठी मजकूर इंडियन टाइप फाउंड्रीच्या कलम फॉन्टमध्ये ठेवतो. कलममध्ये लाइट वजन आहे, ते या नाजूक रेघेशी जुळतं. पण त्याची अक्षरं बरीच तिरकी आणि अमॅटिकची उभी, म्हणून दोन्ही एकाच ओळीत आणत नाही.