एअर प्युरिफायर: यंत्र चांगले, पण खोक्यावरचे आकडे दिशाभूल करणारे

आईचा खोकला बळावला तेव्हा, चार महिन्यांपूर्वी, आम्ही हा एअर प्युरिफायर घेतला. यंत्राची बांधणी चांगली आहे, फिल्टर बदलणे सोपे आहे आणि आवाजही सुसह्य आहे. ज्या खोक्यातून ते आले त्यावरच्या आकड्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यांतला एकही आकडा खोटा नसूनही त्यांच्या भरवशावर मी हे यंत्र चुकीच्या खोलीसाठी निवडले.

खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत ‘९९.९७ टक्के’ असे छापले आहे. ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आकाराच्या कणांपैकी किमान इतके कण अडवणाऱ्या फिल्टरला हेपा म्हणण्याचा प्रघात आहे, त्यामुळे आकडा योग्यच आहे. परंतु तो फिल्टरमधून गेलेल्या हवेचा आहे, खोलीतल्या हवेचा नाही. खोलीची हवा किती स्वच्छ होईल हे ठरते ते यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा बाहेर सोडते यावर, ज्याला सीएडीआर म्हणतात. हा आकडा (कमाल वेगाला ताशी २४० घनमीटर) माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिला आहे.

खोक्यावर ‘९९.९७ टक्के’च्या शेजारी एक स्तंभालेख आहे. त्यात ‘साध्या फिल्टर’चा ९९.५ टक्क्यांचा स्तंभ या यंत्राच्या स्तंभाच्या जेमतेम निम्मा दिसतो, कारण उभा अक्ष शून्यापासून नव्हे तर ९९ पासून सुरू केला आहे. घरातल्या यंत्रातून तीच हवा पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे ९९.५ आणि ९९.९७ यांतला प्रत्यक्ष फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो. जिथे फरक जवळजवळ नाहीच तिथे दुप्पट उंचीचा स्तंभ काढणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

‘६० मिनिटांत ९९.९ टक्के कण नाहीसे’ या दाव्यापुढे एक फुली आहे आणि तिचा खुलासा खोक्याच्या तळाशी आहे: चाचणी ३० घनमीटरच्या बंद कक्षात, कमाल वेगाला. ताशी २४० घनमीटर म्हणजे त्या कक्षातली हवा तासाभरात आठ वेळा फिल्टरमधून जाण्याइतका प्रवाह, आणि तेवढ्यात ९९.९ टक्क्यांहून अधिक कण खरोखरच निघून जातात. आमची बैठकीची खोली मात्र ४० चौरस मीटरची, म्हणजे अडीच मीटर उंची धरली तर १०० घनमीटरची आहे. हवा नीट मिसळते आणि दारे-खिडक्या घट्ट बंद आहेत असे मानून हिशेब केला, तर तिथे त्याच यंत्राने त्याच एका तासात सुमारे ९१ टक्के कण निघतात. रात्री झोपमोड नको म्हणून यंत्र मंद वेगावर ठेवले, तर पुस्तिकेप्रमाणे प्रवाह ताशी ६० घनमीटरवर येतो आणि मग तासाभरात जेमतेम ४५ टक्केच कण निघतात. दार उघडले की बाहेरचे कण आत येतात, ते वेगळेच. कोणत्या खोलीत आणि कोणत्या वेगाला, हे सांगितल्याशिवाय टक्केवारीला अर्थच राहत नाही, आणि नेमके तेवढेच खोक्याच्या दर्शनी भागावर नाही.

‘६० चौरस मीटरपर्यंत’ हा दावा मला सर्वाधिक महागात पडला. एवढ्या खोलीत १५० घनमीटर हवा असते आणि हे यंत्र ती तासाला दोन वेळाही फिरवू शकत नाही. अमेरिकेतील गृहोपयोगी उपकरण उत्पादकांच्या संघटनेची शिफारस तासाला सुमारे पाच वेळांची आहे आणि त्या हिशेबाने हे यंत्र साधारण २० चौरस मीटरच्या खोलीसाठी योग्य ठरते. ‘पर्यंत’ या शब्दाने क्षेत्रफळ तिप्पट करून दाखवले आहे.

‘०.१ मायक्रॉनपेक्षाही सूक्ष्म कणांवर प्रभावी’ हे वाक्यही असेच आहे. हेपा फिल्टरला सर्वांत अवघड जातात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून थोडे लहान कण. अतिसूक्ष्म कण हवेत सतत वेडेवाकडे फिरतात आणि म्हणून तंतूंना सहज चिकटतात. जे काम तुलनेने सोपे आहे, तेच इथे पराक्रम म्हणून मांडले आहे.

‘१० पैकी ९ ग्राहक शिफारस करतात’ या ओळीत प्रश्न काय विचारला होता आणि किती जणांना, हे दिलेले नाही. ८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्य कोलगेटची शिफारस करतात, ही जाहिरात ब्रिटनमधील जाहिरात-नियामक संस्थेने २००७ मध्ये दिशाभूल करणारी ठरवली होती, कारण त्या पाहणीत दंतवैद्यांना एकाहून अधिक नावे घेण्याची मुभा होती. विक्रीच्या ॲपवरील ताऱ्यांची सरासरीही मी आता सावधपणे वाचते. तिथले बहुतेक अभिप्राय यंत्र घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातले आहेत आणि फिल्टर बदलण्याची वेळ तर कित्येक महिन्यांनी येते.

आईचा खोकला तीन आठवड्यांत ओसरला आणि मी तेव्हाच पाच तारे देणार होते. पण आम्ही यंत्र आणले ते खोकला अगदी शिगेला पोहोचला तेव्हा, आणि शिगेला पोहोचलेला त्रास बहुतेक वेळा आपोआपही उतरतो. शिवाय त्याच काळात ऋतूही बदलला, औषधेही चालू होती. यंत्राचा वाटा यात असेलही, परंतु एका माणसाच्या एका खोकल्यावरून तो वेगळा काढता येत नाही, म्हणून तारे देताना मी तो धरलेला नाही.

आता यंत्र आईच्या १६ चौरस मीटरच्या झोपण्याच्या खोलीत असते. कमाल वेगाला तिथली हवा ताशी सहा वेळा फिरते, म्हणून ती झोपण्यापूर्वी तासभर दार बंद करून आम्ही ते जोरात चालवतो आणि नंतर मंद करतो. यंत्राच्या पडद्यावरचा पीएम २.५ चा (म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचा) आकडा यंत्राच्या अगदी शेजारच्या हवेचा असतो, म्हणून त्यावर विसंबत नाही. २० चौरस मीटरपर्यंतची बंद खोली असणाऱ्यांनी हे यंत्र अवश्य घ्यावे. त्याहून मोठ्या खोलीसाठी मोठ्या सीएडीआरचे शोधावे. यंत्राला चार तारे. खोक्यावरच्या मजकुराला मी एकच देईन, तोही तळाशी का होईना चाचणी-कक्षाचे घनफळ छापले आहे म्हणून.