कोयता, कंपनी की डिलिव्हरी? आजारपणाच्या बाजूने केलेली तुलना

पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बीडच्या पट्ट्यात दसऱ्याच्या आधी घरोघर एक हिशोब निघतो. ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेऊन दारात येतो. त्याच वेळी चाकणला किंवा वाळूजला कंपनीत गेलेला चुलतभाऊ फोनवर सांगतो, "ठेकेदाराकडं नाव लावतो, ये." हल्ली तिसराही सल्ला मिळतो: पुण्याला जा, गाडी आणि मोबाइल असला की डिलिव्हरीचं काम लगेच मिळतं.

तिन्हीकडच्या पैशांची तुलना तुमच्या घरात झालीच असेल, आणि ती माझ्यापेक्षा तुम्हाला नीट जमते. मी इथे एकच गोष्ट तपासतोय: कामाचा माणूस आजारी पडला, तर तो दिवस कुणाच्या खात्यावर पडतो?

कोयता

आधी उचलीचं गणित, कारण आजारपणाचा हिशोब त्यातच दडलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. या दराने लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडीने रोज दोन टन धरले तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने, एकही दिवस न बसता. पण २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडला होता, म्हणजे गाळप थांबलं होतं. राहिलेली बाकी पुढच्या सालावर गेली.

अशा हिशोबात ताप आला तर तो दिवस नुसता बिनपगारी जात नाही. खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो, आणि खाड्याचे पैसे बाकीत चढतात. आजारी माणूस त्या दिवशी कमवत तर नाहीच, उलट त्याच्या डोक्यावरचं कर्ज वाढतं. तिन्ही कामांत हे फक्त इथेच होतं.

याचा सगळ्यात जास्त भार बाईवर येतो. पहाटे कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, भाकरी थापायच्या, मग फडात (तोडणीच्या शेतात) उसाच्या मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. पाळी असो की पोटात पोर, मोळीचं वजन तेवढंच. अंगावरून पांढरं जाणं, लघवीची जळजळ, ओटीपोटातलं दुखणं सगळं अंगावर काढायचं, कारण दवाखान्यात गेलं की खाडा. शेवटी कुणीतरी सांगतं, "पिशवीच काढून टाक, कटकट जाईल."

किती जणींनी काढली? नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहाजणींमागे एक. त्यानंतर खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. नियम चांगलाच आहे. पण परवानगी डॉक्टरने घ्यायची, आणि बाईला त्या टेबलापर्यंत आणणारा खाडा मात्र जिथल्या तिथे. बीजकोशही काढले गेले तर तिशीतच पाळी जाण्याची सगळी लक्षणं सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, कंबर जाते. आणि पुढच्या हंगामात मोळी तीच.

कारखाना या माणसांना आपले कामगार मानत नाही, सगळा व्यवहार मुकादमाशी. त्यामुळे ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा) नाही, पीएफ नाही. जे आहे ते घ्यावंच: गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून मिळतं, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना ऑपरेशनचा खर्च उचलते. खाड्याचे पैसे ती भरत नाही, आणि फडात अंगावर काढलेल्या दुखण्यापर्यंत ती पोहोचतही नाही.

कंपनी

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला ठेकेदारामार्फत लागलात तर कागदावर एक मोठा फरक पडतो, तो ईएसआयचा. पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरले जातात. बदल्यात घरच्यांसकट दवाखाना. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. कामावर हात सापडला तर सुमारे ९० टक्के. बाळंतपणाला २६ आठवडे. कोयत्यावर आजारी दिवस उणे, इथे तो पाऊण पगाराच्या जवळ. कागदावर इतकं अंतर आहे.

आता कागदाखालची गोष्ट. नव्याने नोंद झालेल्या कामगाराला दवाखाना आणि अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळतं, पण आजारपणाचे रोख पैसे साधारण नऊ महिन्यांनंतरच सुरू होतात, तेही वर्गणीचे ७८ दिवस भरले असतील तर. आणि २४० दिवस भरून कामगाराला कायमपणाचा दावा करता येऊ नये म्हणून ठेकेदार ब्रेक देतो, म्हणजे काही दिवस कामावरून काढतो, तो सहाव्या-सातव्या महिन्यात. ब्रेकनंतर दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलं की बऱ्याचदा नवा विमा नंबर काढला जातो आणि आधीच्या वर्गणीचा धागा तुटतो. खरं तर विमा नंबर जन्मभर एकच असतो. जुना नंबर सांगून तोच चालू ठेवायला लावणं हे कामगाराच्या हातात आहे, आणि शंभरातले बरेच जण ते करत नाहीत कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर आणखी सावध राहा. शिकाऊ उमेदवारी कायद्याखालच्या अप्रेंटिसला ईएसआय लागू होत नाही. प्रेस मशीनवर काम तेच, त्यात सापडणारी बोटं तीच, पण पगाराच्या जागी स्टायपेंड.

ओटीचं, म्हणजे जादा तासांच्या कामाचं काय? बारा तासांची पाळी आणि आठवड्याला सहा दिवस धरले तर ७२ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. पंचविशीतल्या पोराला हे आज जाणवणार नाही. त्याला जाणवते ती झोप, कारण पाळी दर आठवड्याला फिरते आणि खोलीत आणखी पाचजण वेगवेगळ्या पाळ्यांचे.

ब्रेकच्या टांगत्या भीतीचाही अंगावर परिणाम होतो. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या दीर्घ अभ्यासात, खातं खासगीकडे जाणार हे कळल्यापासूनच, म्हणजे एकाचीही नोकरी गेलेली नसताना, तब्येती घसरल्याची नोंद आहे. ते तर पगारी, पेन्शनवाले लोक. दर सहा महिन्यांनी गेटवर कार्ड चालेल की नाही याची धाकधूक असलेल्या माणसाचं काय होत असेल, याला वेगळा अभ्यास कशाला हवा?

डिलिव्हरी

याबद्दल थोडक्यात, कारण गावाकडच्या जोडप्याला हा पर्याय खऱ्या अर्थाने लागू पडत नाही. एकट्या पोराला पडतो. इथे खाडा नाही आणि ठेकेदारही नाही. आजारी पडलात तर ॲप बंद ठेवायचं, कमाई शून्य, आठवड्याचा इन्सेंटिव्ह बुडतो आणि गाडीचा हप्ता चालूच राहतो. पाठ, धूळ, लघवी दाबून ठेवणं आणि अपघात ही नेहमीची दुखणी. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात या कामगारांची दखल आहे. त्याआधी २०२५ च्या अर्थसंकल्पात ई-श्रम या सरकारी पोर्टलवरची नोंदणी आणि आयुष्मान आरोग्य योजनेचं संरक्षण जाहीर झालं होतं. नोंदणी जरूर करा. पण आजारी दिवसाची मजुरी यातलं काहीच देत नाही.

मागे राहिलेली माणसं

कोयत्यावर घर उठून जातं. गावात म्हातारे आणि शाळकरी पोरं उरतात, किंवा पोरंही फडात. लसीची तारीख गावात आणि बाळ कोल्हापूरकडे. टीबीचं औषध सहा महिन्यांचं, आणि त्यातले बरेच महिने हंगामातच जातात. मधेच गोळ्या तुटल्या तर आजार बळावतो आणि कोपीतल्या सगळ्यांना धोका. वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या काळजीपोटी तिचं लग्न लवकर उरकलं जातं; मग ती कोवळ्या वयात बाळंत होते आणि तीही नवऱ्याबरोबर कोयत्याला लागते.

कंपनीत बहुतेकदा पुरुष एकटाच जातो. शाळा, लस, अंगणवाडी जागेवर राहतात, ही मोठीच जमेची बाजू. पण शेत, जनावरं आणि सासू-सासऱ्यांची दुखणी बाईच्या एकटीच्या अंगावर येतात. ईएसआयचा दवाखाना चिंचवडला, आणि ती धारूरला.

मग काय धरावं

मागची बाकी नसेल आणि ठेकेदार खरोखर ईएसआय भरत असेल, तर मी कंपनी म्हणेन, पहिल्या वर्षाचा धोका धरूनही. जाण्याआधी नेमणूकपत्र मागा. नव्या कामगार संहितांनी ते सक्तीचं केलंय. पहिल्या पगारानंतर विमा नंबर आणि पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) हातात घ्या, घरच्यांची नावं त्यात घाला, आणि पैसे भरले जातात का ते मोबाइलवर दर महिन्याला बघा. ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर ती कंपनी माझ्या लेखी डिलिव्हरीच्याच पायरीवर येते.

घरातली बाई गरोदर असेल, किंवा तिला अंगावरून जाण्याचा, कंबरेचा त्रास असेल, तर यंदा जोडीची उचल घेऊ नये. दर कितीही वाढलेला असो.

बाकी असेल तर निवड तुमच्या हातात फारशी नाही, हे मलाही कळतं. तशा घराने जाण्याआधी इतकं तरी करावं: ओळखपत्र काढावं, मुलांना हंगामी वसतिगृहात घालावं, बाईची तपासणी सरकारी दवाखान्यात करून कागद सोबत ठेवावा, टीबीच्या गोळ्या चालू असतील तर कारखान्याजवळच्या केंद्रात नाव वर्ग करून घ्यावं. आणि खाड्याचा दर किती, आजारपणाला तो लागणार का, हे उचल मोजून घेण्याआधी चार माणसांसमोर मुकादमाकडून वदवून घ्यावं. पैसे हातात पडल्यावर तो विषय कुणी काढू देत नाही.