घरी बसून निम्मा पगार, की हजेरी लावून दहा हजार?

आमच्या भांडुपच्या चाळीत दोन वर्षांत चौघांची कामं सुटली. चौघांनीही कधी ना कधी मला गॅलरीत गाठून विचारलं, "तू दोन्ही केलंयस ना, नोकरी गेल्यावर घरी बसून मिळणारे पैसे आणि हजेरी लावून मिळणारे पैसे, मग बरं कुठलं?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली आमची कंपनी २०२४ च्या मे महिन्यात गुंडाळली. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापली जायची, म्हणून नोकरी गेलेल्या विमाधारकांसाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अर्ज केला. सरासरी कमाईच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. बदल्यात काम काही नाही. ते संपल्यावर दसऱ्याच्या सुमारास मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'लाडका भाऊ'त, पदवीधर म्हणून महिना १०,००० वर एका सरकारी कार्यालयात रुजू झालो. मुदत सहा महिने. (पुढे ती ११ महिने झाली, पण तोवर मी बाहेर पडलो होतो.) कागदावर ते प्रशिक्षण आहे. आत बसल्यावर कळतं की व्यवहार सरळ आहे, पैसे हवेत तर कामावर या. पोर्टल, आधार, बँक हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

माझा पगार १९ हजार होता, त्याचे निम्मे साडेनऊ. म्हणजे दोन्हीकडे आकडा साधारण तोच. प्रश्न पैशांचा नव्हताच.

घरी बसण्याचा त्रास मात्र खरा आहे, तो लपवत नाही. सकाळी नऊला सगळी चाळ डबे घेऊन स्टेशनकडे पळते आणि आपण बनियनवर दूध आणायला निघतो. "आज सुट्टी?" हे तिसऱ्या दिवशीही कुणीतरी विचारतं. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या आबांना तर ते अजिबात सहन होत नव्हतं. ते मूळ साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातले. ७२ च्या दुष्काळात सतराव्या वर्षी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेले. त्यांचं एकच, "आम्हाला फुकट कुणी दिलं नाही, घाम गाळला तेव्हा हातावर पैसे पडले." मी सांगितलं की हे फुकटचं नाही, दर महिन्याला माझ्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जात होते. त्यांनी ऐकून घेतलं, पण मान काही हलली नाही.

आबांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण त्यांचं उदाहरण मला माझ्याच, म्हणजे आधी घरी बसून पैसे घेण्याच्या, बाजूचं वाटतं. त्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा. आपल्या पगारपत्रकावर व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तो कर १९७५ साली त्याच योजनेसाठी आला. मुंबईतल्या नोकरदाराने गावाकडच्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, असा तो हिशेब. पण तिथे काम मागतो मजूर. द्यायची जबाबदारी सरकारची, १५ दिवसांत दिलं नाही तर भत्ता द्यायचा. काम हा त्याचा हक्क. शिवाय काम खरं होतं, आबांचा तो तलाव अजून आहे. आमच्याकडे मात्र काम म्हणजे पैसे सुटण्याची अट होती आणि द्यायला काम कुणाकडे फारसं नव्हतं.

आम्ही तिघं, संगणक एक. जुन्या आवक-जावक नोंदवह्या संगणकावर चढवायच्या. एक जण चढवायचा, दुसरा वाचून दाखवायचा, तिसरा पंख्याखाली. महिन्याभरात कळलं की हेच काम आधी एक कंत्राटी मुलगी करायची, तिचं कंत्राट पुढे वाढवलं नव्हतं. म्हणजे आम्हाला काम मिळालं म्हणून तिचं गेलं, असा माझा अंदाज. खात्रीने सांगत नाही, पण तिच्या खुर्चीवर तिचं नाव खडूने लिहिलेलं होतं आणि त्याच खुर्चीवर मी बसत होतो.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ज्याने माझा कौल फिरला ती गोष्ट वेगळी आहे, आणि खरं तर किरकोळ. हजेरी. सकाळी पावणेदहाला एक, संध्याकाळी सव्वासहाला एक. डिसेंबरात नवी मुंबईतल्या महाप्याच्या एका कंपनीतून मुलाखतीचा फोन आला, गुरुवारी साडेअकरा वाजता. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून जायचं, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. साहेबांकडे गेलो. त्यांनी वर न बघताच विचारलं, "तुम्ही इथे ट्रेनिंगला आलायत की नोकऱ्या शोधायला?"

मी काय बोलणार? 'नोकऱ्या शोधायलाच' हे खरं उत्तर होतं. सोमवारी चालेल का म्हणून कंपनीला विचारलं, त्यांनी जागा भरली. जानेवारीत दुसरा फोन आला तेव्हा तोच प्रकार. तिसऱ्या वेळी न सांगता गेलो आणि ती नोकरी लागली. घरी बसलेल्या तीन महिन्यांत मी सात मुलाखती दिल्या होत्या, लागली एकही नव्हती. त्यामुळे दोन्ही योजनांचं गणित मांडलं तर माझ्याच विरुद्ध जाईल, हे मान्य. पण ज्या दिवशी फोन येतो त्या दिवशी निघता आलं पाहिजे, एवढं मला कळलं.

पैशांसाठी कामाची अट घालण्यावरून ब्रिटनमध्येही एक खटला झाला. भूशास्त्राची पदवी घेतलेली एक मुलगी आपणहून संग्रहालयात विनामूल्य काम करत होती. भत्ता हवा तर स्वस्त वस्तूंच्या दुकानात काम कर, असं तिला सांगितलं गेलं आणि संग्रहालय सोडावं लागलं. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम बेकायदा ठरवले, मात्र ही वेठबिगारी आहे हे काही मानलं नाही. मला तरी तिथला मुद्दा ओळखीचा वाटला. उलट फिनलंडने २०१७-१८ मध्ये २,००० बेरोजगारांना काही अट न घालता महिना ५६० युरो दिले, तर माणसं काही हातपाय गाळून बसली नाहीत. फिनलंड म्हणजे भांडुप नव्हे, हे कळतं मला.

तर, ज्याची ईएसआयसी कापली जात होती आणि ज्याला पुन्हा त्याच धंद्यात नोकरी हवी आहे, त्याने आधी ते ९० दिवस घ्यावेत, असं माझं मत. नुकतीच पदवी घेतलेला, आजवर ऑफिसची पायरी न चढलेला कुणी असेल तर त्याला हजेरी उपयोगी पडेलही. आमच्यातल्या एका पोराला तिथेच एक्सेल आलं.

चाळीतल्या चौघांपैकी दोघांना विमा होता, त्यांनी घरी बसणं पत्करलं. उरलेले दोघं ठेकेदाराकडचे, त्यांचं कधी काही कापलंच गेलं नव्हतं. त्यांना हजेरीवालंच सांगितलं, फक्त मुलाखतीच्या सुट्टीचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या म्हटलं. त्यातला एक जण खरंच बोलला. साहेब हसले म्हणे.