कढईखाली काय पेटवायचं: रॉकेल, डिझेल की सिलिंडरचा गॅस?

रावेर-सावद्याकडे केळी वेफर्सचा किंवा धुळे-शिरपूरच्या पट्ट्यात शेव-फरसाणचा धंदा काढताना स्लायसर, कढई, पॅकिंग मशीन यांचे भाव चार ठिकाणी विचारले जातात. भट्टी मात्र ओळखीतल्या कुणाकडे जी चालते तीच आणली जाते. मग जानेवारीत ज्योत बसते, वीज गेली की भट्टी पांढरा धूर ओकते, नाहीतर वेफर्सला वास लागतो. असं झालं की दोष इंधनाला दिला जातो. खरं तर भट्टी निवडतानाच चूक झालेली असते.

रॉकेल, डिझेल आणि सिलिंडरमधला एलपीजी, तिन्ही आपण द्रव रूपात साठवतो. जळतो मात्र त्यांचा वायूच. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते. ती उष्णता कोण पुरवतं आणि ती कधी कमी पडते, हे प्रत्येक भट्टीला विचारायचं. पुढची सगळी तुलना याच प्रश्नावर केली आहे.

पंपाची रॉकेल भट्टी

स्वीडनमध्ये १८९२ साली फ्रान्स लिंडक्विस्टने प्रायमस स्टोव्ह काढला, त्याचंच हे मोठं रूप. टाकीत हवा भरली की दाबाने रॉकेल वर चढतं, बर्नरच्या तापलेल्या नळीतून जाताना त्याचा वायू होतो आणि तो निपलमधून (बारीक भोकाच्या टोपणातून) जोरात सुटून हवेसह निळा जळतो. रॉकेल साधारण १५० अंशांपासून उकळायला लागतं, पण त्यातला जड भाग उडायला ३०० च्या जवळ जावं लागतं. म्हणून पेटवताना स्पिरिटचा काकडा पूर्ण जळू द्यायचा. घाई करून मध्येच पंप मारला की नळी अर्धवट तापलेली असते, वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि पिवळा भडका उठतो. असं झालं तर आधी हवेचा स्क्रू सोडून दाब काढायचा. पंप मारत राहिल्याने भडका वाढतोच.

बाकीचे बिघाड ओळखायला सोपे आहेत. दाब टिकत नसेल तर पंपाचं चामडी वायसर सुकलेलं असतं, दोन थेंब तेल पुरतं. पंपाच्या दांड्यातून रॉकेल वर येत असेल तर तळाचा व्हॉल्व्ह गेलेला असतो. ज्योत तडतडत असेल तर रॉकेलमध्ये पाणी आहे. घरगुती स्टोव्हच्या निपलचं भोक सुमारे ०.३ मिलिमीटरचं असतं, मोठ्या बर्नरचं त्याहून मोठं. भलत्याच जाडीची पिन वारंवार मारली की भोक रुंदावतं, वायू जास्त सुटतो, हवा तेवढीच राहते आणि कढईच्या बुडाला काजळी धरते. अशा वेळी बर्नर साफ करत बसू नका, निपल बदला.

वीज लागत नाही आणि थंडीचा त्रास नाही, हे या भट्टीचे मोठे गुण. अडचण इंधनाची आहे. रेशनचं निळं रॉकेल धंद्यात जाळायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बाजारभावाचं पांढरं रॉकेल नियमित मिळत असेल तरच या भट्टीचा विचार करा. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. रॉकेलचा ज्वलनबिंदू मानकानुसार किमान ३५ अंश असतो, म्हणजे त्या तापमानापासून त्यावर पेट घेणारी वाफ जमू शकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असतो. टाकी भरताना भट्टी विझवून थंड झालेली हवी, हवेचा स्क्रू उघडा हवा आणि टाकीचा वरचा पाव भाग मोकळा ठेवायला हवा. रॉकेल संपलं म्हणून त्या टाकीत पेट्रोल ओतणं म्हणजे थेट स्फोटाची तयारी.

ब्लोअरची डिझेल भट्टी

उंचावरच्या टाकीतून डिझेल सुई व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब, नंतर बारीक धारेने बिडाच्या तापलेल्या भांड्यात पडतं. तिथे त्याचा वायू होतो आणि ब्लोअरची हवा तो जाळते. सुरुवातीला डिझेलात भिजवलेला बोळा भांड्यात पेटवून ५ ते १० मिनिटं मंद चालवावं लागतं. डिझेल १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळतं, म्हणजे रॉकेलपेक्षा जड. त्याचा जड भाग तापलेल्या बिडावर हवेविना राहिला की उडून न जाता कोळशासारखा चिकटतो. हा थर रोज थंड भांड्यातून खरवडावा लागतो. दोन-तीन दिवस राहू दिला तर हवेची भोकं बुजतात आणि ज्योत एका बाजूला ओढली जाते.

हवेचा हिशोब असा: एक लिटर डिझेल जाळायला किमान १० घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात १२-१३ द्यावी. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे वायू झाला पण जळाला नाही: भांडं थंड आहे, किंवा गरजेपेक्षा जास्त हवेने ज्योत विझत आहे. मालाला लागणारा वास या पांढऱ्या धुराचा असतो. पूर्वी डिझेलमधल्या गंधकाचाही उग्र वास यायचा. एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखात १० भागांपर्यंत खाली आलं आहे, त्यामुळे आता वास आला तर डिझेलला दोष न देता भट्टीची जुळवणी तपासा. जळकं इंजिन ऑइल मिसळून पैसे वाचवायचा प्रकार खाण्याच्या धंद्यात अजिबात नको. त्यातले धातू जळून जात नाहीत.

आता या भट्टीचा सगळ्यात मोठा धोका. वीज गेली की ब्लोअर थांबतो, डिझेल थांबत नाही. लाल तापलेल्या भांड्यात ते पडत राहतं, त्याचा वायू होत राहतो आणि हवा नसल्याने तो खोलीभर पसरतो. वीज परत आली, ब्लोअर फिरला, की साचलेला वायू एकदम पेटतो आणि ज्वाळा कढईच्या कडेने वर येते. कढईत २०-२५ लिटर तापलेलं तेल असतं, ते ध्यानात घ्या. खान्देशात ग्रामीण फीडरवर वीज जाणं नेहमीचंच, तेव्हा डिझेल भट्टी घेणाऱ्याने सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणारा कॉक, डिझेलच्या पाइपवर बसवलाच पाहिजे. तो वीज असतानाच उघडा राहणारा हवा आणि ब्लोअरच्याच स्विचवर जोडायचा.

हा व्हॉल्व्ह घेताना दोन चुका होतात. पहिली, पाण्याचा व्हॉल्व्ह आणणं. त्याचं रबर डिझेलमध्ये फुगतं आणि अडकतं. नायट्राइल किंवा व्हायटॉनचं सील मागा. दुसरी, आत दाब असल्याशिवाय न उघडणारा प्रकार घेणं. दीड-दोन मीटर उंच टाकीचा दाब जेमतेम ०.१२ ते ०.१६ बार होतो, एवढ्यावर तसे व्हॉल्व्ह उघडतच नाहीत. शून्य दाबावर उघडणारा, थेट कॉइलने चालणारा प्रकार हवा. सोलेनॉइड असला तरी भट्टी बंद करताना आधी सुई व्हॉल्व्ह बंद करायचा, भांड्यातली ज्योत विझेपर्यंत ब्लोअर चालू ठेवायचा, मग तो बंद करायचा. गरम भांड्यातून पांढरी वाफ निघत असेल तर वरून पेटता बोळा टाकू नका. डिझेल बंद ठेवून नुसत्या ब्लोअरने ती वाफ आधी घालवा.

टाकी भट्टीच्या डोक्यावर किंवा तिला खेटून ठेवू नका. टाकी उभट असण्यापेक्षा पसरट बरी, म्हणजे पातळी उतरली तरी धार फारशी बदलत नाही. पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) नको, जस्त आणि डिझेल मिळून चिकट गाळ होतो. टाकीच्या तळाशी पाणी काढायला कॉक हवा.

गन बर्नर

यात पंप डिझेलला ७ ते १४ बार दाब देतो, नोझल त्याचा तुषार करतं आणि बारीक थेंब ज्योतीतच वायू होतात. भांडं तापायची वाट बघावी लागत नाही, कोळसा कमी धरतो आणि ज्योत विझली तर तिच्या उजेडावर लक्ष ठेवणारा फोटोसेल डिझेल तोडतो. पण या ज्योतीला बंद चेंबर लागतो, उघड्या कढईखाली ती नीट जळत नाही. शेंगदाणे-फुटाणे भाजायचा रोस्टर, बेकरीची भट्टी, जळगावातल्या डाळ मिलचं ड्रायर, इथे तिची जागा आहे. नोझलवरचा आकडा तासाला अमेरिकी गॅलन असा असतो, आणि तो ७ बारला मोजलेला असतो. १.०० चं नोझल ७ बारला तासाला ३.८ लिटर सोडतं, १० बारला सुमारे साडेचार. दाब वाढवून नोझल मोठं केल्यासारखं होतं, हवा मात्र आपोआप वाढत नाही.

सिलिंडरचा गॅस

पेटवला की लगेच निळी ज्योत, वास नाही, काजळी नाही. इथेही द्रवाचा वायू करायला उष्णता लागतेच, फक्त ती ज्योतीतून येत नाही. एक किलो एलपीजीचा वायू व्हायला सुमारे ९० किलोकॅलरी लागतात. तो किलो जळून देतो १०,९०० च्या आसपास, त्या मानाने ९० म्हणजे काहीच नाही. पण ही ९० सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून यावी लागतात. गॅस जोरात ओढला की द्रव थंड पडतो, पत्र्यावर दव आणि मग बर्फाचा थर येतो, दाब उतरतो आणि ज्योत बसते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. हलका प्रोपेन आधी निघून जातो, म्हणून सिलिंडर संपत आला की हा त्रास वाढतो. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली असतो तेव्हा सिलिंडर जड वाटतं तरी गॅस येत नाही, तो याच कारणाने.

वेफर्सवर हिशोब करू. दहा किलो कच्च्या केळीच्या चकत्यांत सुमारे सात किलो पाणी असतं. ते तापवून उडवायला साधारण सव्वाचार हजार किलोकॅलरी लागतात. भट्टीची निम्म्याहून जास्त उष्णता कढईच्या कडेने निघून जाते. ४० टक्के कामी येते असं धरलं तर दहा किलो चकत्यांना एक किलो गॅस किंवा सव्वा लिटर डिझेल लागतं. तासाला ३० किलो चकत्यांचे घाणे काढायचे तर तासाला ३ किलो गॅस हवा. १९ किलोचं एक सिलिंडर सलग वापरात तासाला अर्धा ते एक किलोच वायू देतं. म्हणजे उन्हाळ्यात तीन-चार आणि हिवाळ्यात पाच सिलिंडर एकाच वेळी मॅनिफोल्डला (सगळ्यांचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीला) जोडलेले हवेत. पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो, आणि परवान्याविना १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. त्याहून मोठं काम असेल तर द्रव काढणारी मोठी सिलिंडरं आणि द्रवाला उष्णता देऊन वायू करणारा वेगळा व्हेपोरायझर लागतो, तो एजन्सीकडूनच बसवून घ्यावा.

सिलिंडर आडवं किंवा उलटं करून शेवटचा गॅस काढायची सवय फार घातक आहे. द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो, आणि बर्नरवर हातभर आगीचा लोळ येतो. सिलिंडरखाली निखारे किंवा उकळतं पाणी ठेवणंही तसंच. सिलिंडर उभं, सावलीत, वारा लागेल असं ठेवा, नळीवर आयएस ९५७३ चा शिक्का बघा, आणि जवळ गटार किंवा खड्डा नको, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तिथे साचतो.

भाव कसे ताडून बघायचे

एक किलो गॅसची उष्णता सुमारे १.३ लिटर डिझेलएवढी, म्हणजे एक १९ किलोचं सिलिंडर जवळपास २५ लिटर डिझेलच्या तोडीचं. सिलिंडरच्या भावाला २५ ने भागा. उत्तर डिझेलच्या लिटरच्या भावापेक्षा कमी आलं तर गॅस स्वस्त. समजा सिलिंडर १,७५० ला मिळतं, तर ७० रुपयांच्या खाली डिझेल मिळाल्याशिवाय ते परवडत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर गॅसवरच्या कराचं क्रेडिट मिळतं. डिझेल जीएसटीबाहेर आहे, तिथे ते नाही. ब्लोअरची वीज आणि रोजची खरवडण्याची अर्धा तास मजुरीही डिझेलच्या बाजूला धरा.

कुणी काय घ्यावं

उघड्या कढईत वेफर्स, शेव, मिठाई करणाऱ्याने गॅस घ्यावा, पण पुरेसे सिलिंडर जोडूनच. दोन सिलिंडरवर तीन किलोचं काम काढायला गेलात तर हिवाळ्यात पस्तावाल. गॅसची गाडी वेळेवर येत नाही अशा गावात, किंवा पाणी उकळायला, मसाल्याची मिरची भाजायला, जिथे वरून पत्र्याचं धुरांडं काढता येतं, तिथे सोलेनॉइड लावलेली डिझेल भट्टी चालते. डिझेल परवान्याविना २,५०० लिटरपर्यंत ठेवता येतं, एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नाही, त्यामुळे साठ्याची सोय गॅसपेक्षा बरी. डिसेंबरात तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत दुकान लावणाऱ्याला गार वारा, उघडं मैदान आणि विजेची खात्री नाही, तिथे पंपाची रॉकेल भट्टी आजही सरस ठरते. मात्र वाऱ्याला पत्र्याचा आडोसा हवाच.

डिझेल भट्टी विकत घेताना दुकानात ती थंड असतानाच पेटवून दाखवायला सांगा आणि पांढरा धूर थांबायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. दहाच्या वर गेली तर भांडं किंवा हवेची भोकं बरोबर नाहीत. मग ज्योत पूर्ण लागल्यावर भिंतीवरचं मेन स्विच बंद करायला सांगा आणि धार बघा. डिझेल पडतच राहिलं, तर सोलेनॉइड बसवून दिल्याशिवाय ती भट्टी गाडीत चढवू नका.